कापलेल्या नाकाची कुळकथा

विधिमंडळात समोरच्या बाकांची लाज काढायची तर 'शेम, शेम' एवढी आरोळी पुरते. इंग्रजांच्या पार्लमेंटातून आलेली ही आरोळी आता चड्डी सुटलेल्या पोराच्या मागेही लागते. पण मांडवात जेवण कमी पडलं, नाहीतर चिरंजीव लोकांची उधारी बुडवून पळाले, की 'शेम'ने भागत नाही. तिथे एकच वाक्य चालतं: 'चारचौघांत नाक कापलंस!'

मराठी माणसाची निम्मी प्रतिष्ठा नाकावरच उभी आहे. जमलं तर नाक वर करून चालायचं, नाही जमलं तर नाक घासायचं, आणि दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून प्रसंगी आपलंच कापून घ्यायचं. नाशिककरांचा तर या अवयवावर जास्तच हक्क, कारण त्यांच्या गावाचं नाव एका कापलेल्या नाकावरून पडलं असं परंपरा सांगते. तपोवनात कपिला-गोदावरीच्या संगमापाशी लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा दाखवतात. (वाल्मीकींच्या लक्ष्मणाने कानही कापले होते, त्यांची दखल गावाने घेतली नाही.) नऊ शिखरांचं 'नवशिख' आणि त्यावरून नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती देतात, पण ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. नाव मात्र जुनं खरं. पांडवलेण्यांत सातवाहन राजा कृष्णाच्या काळचा लेख आहे. त्यात लेणं करवून घेणारा महामात्र, म्हणजे राजाचा अधिकारी, स्वतःला नाशिकचा म्हणवतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही गाव हेच नाव लावत होतं.

शूर्पणखेची शिक्षा निव्वळ कवीच्या डोक्यातून निघालेली नव्हे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त व्यभिचारी स्त्रीचे नाक-कान कापण्याचा दंड आहे. पुढे युद्धकैद्यांवरही हा प्रयोग होत राहिला. तुटलेला हात उपरण्याखाली झाकता येतो, नाकाला झाकण नाही. शिक्षा एकदाच, दवंडी जन्मभर.

ही दवंडी बंद करणारे कारागीरही याच मुलखात होते, आणि त्यांच्यातल्या एकाची करामत छापून आली ती थेट लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये, ऑक्टोबर १७९४ च्या अंकात. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या तळावर कावसजी नावाचा बैलहाक्या होता. नाव पारशी वळणाचं, पण मजकुरात त्याला मराठा शेतकरी म्हटलं आहे. तो टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचं नाक आणि एक हात कापून सोडून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभाराने त्याला नवं नाक बसवलं.

कुंभाराची रीत अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा घाट काढायचा. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेआतली कातडी सोलायची, पण दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त वाहतं राहतं. खुंटाची जुनी खपली तासून तिथे चीर पाडायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली ओढायची आणि तिच्या कडा चिरेत खोवायच्या. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी मऊ कापडाचे बोळे. जोड धरला की मधली पट्टी कापून टाकायची. सुश्रुताने गालाच्या कातडीने नाक जोडायला सांगितलं होतं. कुंभाराने कपाळ निवडलं, आणि कपाळाचीच रीत पुढे जगभर चालली.

मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर हे पाहायला हजर होते. पेशव्यांची चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचंही चित्र रेखाटलं. ते सगळं वाचून-पाहून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. युरोपातल्या सर्जनांत ही रीत 'भारतीय पद्धत' म्हणून रूढ झाली. कावसजीचं नाव चित्राखाली राहिलं, कार्प्यूचं पुस्तकावर. कुंभाराचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही.

सुरीने नाक कापण्याचा दंड गेला, पण घराण्याचं नाक अजून शाबूत राखावं लागतं, आणि त्याची किंमत बहुधा घरातल्या मुलीच मोजतात. २०१३ साली नाशिकमध्येच एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा खून केला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. त्याच वर्षी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम नाशिकमधून सुरू केली. पंचायतीचं हत्यार म्हणजे बहिष्कार; २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि पुढच्या वर्षी जुलैत तो लागू झाला. कुणाला वाळीत टाकलं तर त्यात आता तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.