शांत

हाताला आधी लागते ती काजळी. साल १९३३, कलकत्त्याचं स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन. धुरकट ज्योतीवर दंडगोल फिरवून तुम्ही त्यावरचा कागद काळाभोर केलाय. नख लागलं तरी पांढरी रेघ उमटते. टेबलावर भूल दिलेलं मांजर. त्याच्या मानेतली धमनी नळीने पाऱ्याला जोडलीय आणि पाऱ्यावर तरंगणारी काडी ठोक्यागणिक काजळीवर रक्तदाब कोरतेय.

कुपीत सर्पगंधेच्या मुळीतलं अल्कलॉइड आहे. बिहारात हीच कडूजहर मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकतात. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक घेतात म्हणजे ती निर्धोक, एवढ्यावर इथले संशोधक कर्नल रामनाथ चोप्रा यांचं समाधान होत नाही. किती दिल्यावर काय होतं, ते त्यांना कागदावर हवंय.

सुई शिरते. रेघ उतरणीला लागते. रक्तदाब किती खाली आला, ते तुम्ही पट्टीने मोजता. मांजर शांत आहे. भूल दिल्यावर दुसरं काय असणार? त्याच्या मनाचं काय झालं, हे विचारायला या टेबलावर जागाच नाही.

डोळे मिटून उघडा. १९४९, मुंबई. डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना ही मुळी देऊन पाहिलीय आणि निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आलेत. १९५२ मध्ये बाझेलला त्याच मुळीतून रेसरपिन वेगळं निघतं आणि गोळी जगभर जाते. मग काही रुग्ण जेवणावरची वासना गेल्यासारखे भिंतीकडे तोंड करून बसू लागतात. घरचे म्हणतात, ‘हल्ली फार शांत झालेत.’

१९५७. स्वीडनमधलं लुंड. अर्विद कार्लसन यांच्या प्रयोगशाळेत रेसरपिन दिलेला ससा तुमच्यासमोर आहे. कान पडलेले, अंग गळालेलं. हात लावला तरी सरकत नाही. त्याला डोपाचं, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं त्या द्रव्याचं, इंजेक्शन देतात. पाव तासात कान उभे! मेंदूतलं डोपामिन आटलं होतं, म्हणून तो गप्प होता. पुढे कंपवाताच्या उपचाराची वाट या सशापासूनच निघाली.

आता तुम्ही परत आजच्या प्रयोगशाळेत. नव्या वनस्पतीचा अर्क, एका टप्प्याला तीन उंदीर, चौदा दिवसांचं निरीक्षण. मात्रा किलोमागे दोन हजार मिलिग्रॅम. तिन्ही जिवंत आहेत. तक्त्यात तिसऱ्यासमोर तुम्ही सवयीने ‘शांत’ लिहिता आणि थबकता.

पिंजऱ्याशी वाकता. केस पिंजारलेले. खाणं तसंच पडलेलं. टिचकी वाजवली, मान वळली नाही.

तुम्ही तो शब्द खोडता आणि जे दिसलं ते लिहू लागता. रकाना अपुरा पडतो, उरलेलं समासात.