आकडीवरचं जीवनसत्त्व

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या काही तान्ह्या बाळांना आकडी येऊ लागली. शोध दुधाच्या डब्यापर्यंत पोचला. द्रवरूप दूध निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेनं त्यातलं बी६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, बऱ्याच अंशी नष्ट होत होतं. ते भरून काढलं की बाळं बरी होत. डेव्हिड कोर्सिन यांनी १९५४मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

त्याच वर्षी अँड्र्यू हंट आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेलं बाळ मात्र निराळं होतं. आकडीवरच्या नेहमीच्या औषधांना ते दाद देईना. अनेक जीवनसत्त्वांचं मिश्रण दिल्यावर झटके थांबले, म्हणून डॉक्टरांनी त्यातला एकेक घटक तपासला आणि बी६पाशी येऊन थांबले. आहारात तर काहीच कमी नव्हतं! तरीही बी६ बंद केलं की आकडी परतायची. दुधाचा डबा बदलून हा प्रश्न सुटणार नव्हता. या बाळाच्या शरीराची गरजच वेगळी होती.

का वेगळी, हे कळायला ५२ वर्षं लागली. २००६मध्ये फिलिपा मिल्स, पीटर क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 'अँटिक्विटिन' या विकराच्या जनुकात दोष सापडला. प्रथिनांतल्या लायसिनचं विघटन पूर्ण करायला हे विकर लागतं. ते नसलं की अर्धवट विघटनातले पदार्थ साचतात, आणि त्यांतला एक बी६च्या क्रियाशील रूपाला चिकटून त्याला निकामी करतो. मेंदूतले आवेग आवरणारं 'गाबा' हे रसायन तयार व्हायला तेच क्रियाशील रूप हवं असतं.

म्हणूनच उपचाराचा डोस एवढा मोठा. तान्ह्या बाळाला दिवसाला ०.१ मिलिग्रॅम बी६ पुरतं. इथे पहिल्यांदा शिरेतून १०० मिलिग्रॅम देतात. कधी झटके काही मिनिटांत थांबतात. पण त्याच वेळी श्वासही मंदावू किंवा थांबू शकतो, म्हणून हे इंजेक्शन श्वासाला आधार देण्याची सोय असेल तिथेच द्यायचं असतं. पुढे गोळी जन्मभर चालू राहते, तीही मोजून. अतिरेक झाला तर हातापायांच्या नसांना इजा होते.

काही बाळांना पायरिडॉक्सिनही पुरत नाही. त्याचं क्रियाशील रूप बनवणारं विकरच त्यांच्यात सदोष असतं, हे २००५मध्ये कळलं. त्यांना बहुधा ते तयार रूपच द्यावं लागतं.

आकडी थांबली म्हणजे सगळं सावरलं, असंही नाही. अँटिक्विटिनचा दोष असलेल्या अनेक मुलांची बौद्धिक वाढ उपचारानंतरही मागे राहते. त्यामुळे लायसिन कमी असलेला आहार आणि आर्जिनिन यांची जोड देतात. दोष आई-वडील दोघांकडून आलेला असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक गर्भाला धोका चारात एक. अशा घरात पुढचं बाळ जन्मलं की आकडीची वाट न पाहता बी६ सुरू करतात, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत ते थांबवत नाहीत.