भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर, १८६८ – १३ एप्रिल, १९५१) हे औंध संस्थानचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि कलासंग्राहक होते. रामायण व महाभारत यांवरील चित्रे आणि औंध येथील श्री भवानी चित्रसंग्रहालय ही त्यांची कलाक्षेत्रातील प्रमुख कामगिरी होय. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणूनही ते ओळखले जातात.

जीवन

श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे वडील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन ते बी. ए. झाले. १९०९ साली ते गादीवर आले. ७२ गावांचे हे संस्थान सलग नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात मोडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळची जागा त्यांनीच दिली. तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चित्रकला

भवानरावांच्या चित्रांचा मुख्य विषय पौराणिक आहे. १९१६ साली त्यांच्या रामायणावरील चित्रांचा ‘चित्ररामायण’ हा ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. ते स्वतः कीर्तन करीत आणि कथा सांगताना चित्रांचाही उपयोग करीत. चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. पिंगुळीचे चित्रकथी ती पूर्वीपासून पाळत आले आहेत. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही कथा कळावी, हे दोहोंतील साम्य होय. मध्ययुगीन इटलीतील चर्चच्या भिंतींवरील चित्रांनी तेथील भाविकांसाठी हेच कार्य केले.

पुराणातील व्यक्तींना कोणता वेष द्यावा, हा त्या काळच्या चित्रकारांपुढील महत्त्वाचा प्रश्न होता. राजा रविवर्मा यांच्या नऊवारी नेसलेल्या देवी व नायिका छापील चित्रांद्वारे घरोघरी पोहोचल्या होत्या. भवानरावांनी रविवर्मा यांची चित्रे आपल्या संग्रहात आदराने ठेवली. परंतु महाभारतासाठी चित्रे काढताना त्यांनी प्राचीन शिल्प व चित्रे यांचा आधार घेतला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर, ही चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली असल्याचा त्यांच्या नावासह उल्लेख आहे. या प्रकल्पासाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्यही देऊ केले होते. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९३२ साली प्रकाशित झाले.

संग्रहालय

औंध येथे यमाईच्या डोंगराच्या उतारावर १९३८ साली संग्रहालयाची इमारत उभी राहिली. तेथे रविवर्मा, म. वि. धुरंधर आदींची चित्रे, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम आणि ग्रंथसंग्रह आहे. इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई व मूल’ हे शिल्पही येथे आहे. मोठ्या शहरांबाहेर, एका खेड्यात असा संग्रह पाहावयास मिळणे ही आजही दुर्मीळ गोष्ट आहे. संग्रहालय सध्या महाराष्ट्र शासनाच्या अखत्यारीत आहे.

लोकराज्याचा प्रयोग

महात्मा गांधींच्या सल्ल्याने, पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, भवानरावांनी १९३९ साली संस्थानाला नवी राज्यघटना देऊन आपले अधिकार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविले. ग्रामपंचायत हा या घटनेचा पाया होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

मूल्यमापन

भवानरावांच्या चित्रांत कथेचा प्रसंग स्पष्टपणे मांडण्यावर भर आहे. म्हणून त्यांचा विचार कीर्तन व ग्रंथ यांच्यासह करणे योग्य ठरते. राजसत्ता गेली, तरी त्यांनी जमविलेला संग्रह लोकांसाठी खुला राहिला.

हे सुद्धा पहा

औंध संस्थान • श्रीपाद दामोदर सातवळेकर • राजा रविवर्मा • चित्रकथी