एका माईकची दोन टोकं

दिंडीच्या शंभर वर्षांत मुक्काम कुठं-कुठं बदलले, वीणा कुणाकुणाच्या गळ्यात होती, ते बाकीचे माळकरी लिहितीलच. आमच्या वाट्याला आवाजाचा इतिहास आला, तो येईल तसा लिहितो.

जुन्या लोकांच्या वेळेला माईक नव्हता. मागचे टाळकरी चाल उचलायचे, म्हणून शेवटच्या रांगेला समजायचं. पुढं कर्णे आले. १९६३ साली फिलिप्स कंपनीनं कॅसेट काढली, ती खेड्यात पोचायला बरीच वर्षं गेली. पण पोचली तसं जो तो कीर्तन घरी न्यायला लागला. महाराजांच्या तोंडापुढं सुतळीनं बांधलेले तीन-तीन माईक! श्रोत्यांना महाराज दिसायचे नाहीत.

मग एकाच माईकची वायर फोडून दोन टोकं काढायची पद्धत पडली. एक मंडपवाल्याला, एक टेपवाल्याला. तिथून घुंऽऽ सुरू झाली. गेलेल्या महाराजांच्या कॅसेटी आज लावल्या तर चिंतन मागं आणि घुंई पुढं. लई वाईट वाटतं, कारण तो आवाज परत मिळायचा नाही.

गंमत अशी, की टेप सेलवर चालवला तर बहुतेक वेळा घुंई गप. वीज जोडली की हजर. मंडपाची वीज देवळातून, टेपची शेजारच्या घरातून. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसतं. माईकच्या वायरीवर जी तारेची जाळी असते, तिच्यातून दोन यंत्रांमध्ये बारीक करंट फिरतो. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, तीच ऐकू येते.

यावर काही स्पीकरवाले थ्री-पिनची अर्थिंगची वायर कापायचे. घुंई जायची खरी, पण आषाढातला चिखल, भिजलेला मंडप, अनवाणी कीर्तनकार आणि हातात लोखंडी माईक! यंत्रात वीज उतरली तर ती माणसातूनच जाणार. हे आम्ही कधी चालू दिलं नाही, त्यावरून भांडणंही झाली.

खरा उपाय बारक्या पेटीत आहे, तिला स्प्लिटर म्हणतात. आत ट्रान्सफॉर्मर. १८३१ साली इंग्लंडात फॅरेडे नावाच्या माणसानं लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली होती, त्याचंच हे लेकरू. एका वेटोळ्यातला आवाज चुंबकानं दुसऱ्यात उतरतो, तारेला तार लागत नाही. माईक सरळ मंडपाच्या मिक्सरला जातो, रेकॉर्डिंगला ट्रान्सफॉर्मरमधून. रेकॉर्डिंगच्या बाजूची जाळी पेटीवरच्या बटणानं सोडायची. अर्थिंग दोन्हीकडं जागच्या जागी राहतं. ४८ व्होल्ट लागणारा माईक असला तर ते मिक्सरकडून द्यायचे, ट्रान्सफॉर्मरमधून ते जात नाहीत.

पेटी नसली तर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावावीत आणि माईकची वायर विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नये. आपल्या दिंडीची पेटी हल्ली मृदंगाच्या पिशवीत असते. मुक्कामावर कुणी मागितली तर द्यावी, मात्र काल्याच्या आत परत आणावी.