मूठ सैल का होते?

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पण दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत घेतल्यास हेच औषध हाडे ठिसूळ व स्नायू क्षीण करते, हे लवकरच उमगले.

२००१ साली लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी वृद्धांमधील दुर्बलतेच्या पाच खुणा ठरवल्या: घटते वजन, थकवा, मंद चाल, कमी हालचाल, सैल मूठ. तीन आढळल्या की व्यक्ती दुर्बल. परंतु संधिवातात मूठ सुजलेल्या सांध्यांमुळेही सैल पडते. मग दोष वयाचा, रोगाचा की औषधाचा? ‘वय झालं’ म्हणण्याआधी आपण हे विचारायला हवे. वय मागे नेता येत नाही. सूज मात्र आटोक्यात आणता येते.