पाय मोडलेला गंधार

मी दीड वर्षाची असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. आज मुरुडला गाण्याचा क्लास चालवते. पोरं भीमपलास रागापर्यंत आली की त्यांच्या वहीत कोमल गंधार लिहून देते: ग्. पाय मोडलेला ग. मंद्रातल्या स्वरावर टिंब, तारातल्यावर उभी रेघ आणि कोमलाला हलन्त, ही लिपी विष्णु दिगंबर पलुसकरांची.

पलुसकर 1872 साली कुरुंदवाडला जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीला तोंडाजवळ फटाका फुटला, नजर अधू झाली, शिक्षण थांबलं. मग गाणं शिकायला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे धाडलं.

त्या काळी विद्या मिळायची ती गुरूच्या घरी राबून. पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं, गुरूची मर्जी झाली की शिकायचं. खुद्द बाळकृष्णबुवा गुरूच्या शोधात गावोगाव पायी हिंडले होते. त्या रीतीनं थोर गवई घडवले, हे मान्यच. पण घागर उचलता न येणाऱ्या पोरीला तिच्यात जागा नव्हती.

पलुसकरांनी 1896 साली मिरज सोडली आणि 5 मे 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. तेही राजाच्या नाही, लोकांच्या पैशावर. ठरलेली वेळ, इयत्ता, छापील पुस्तकं. ज्याला धड वाचता येत नव्हतं, त्यानं गाणं कागदावर आणलं! 1931 साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. मंडळाच्या परीक्षा पुढं आमच्या लातूरपर्यंत आल्या.

1984 साली त्या परीक्षेसाठी दादांनी मला मुरुड स्टेशनावर उचलून बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यात बसवलं. अडीच फुटी रुळावरची ती गाडी इतकी हळू चालायची, की लातूर येईस्तोवर माझे सगळे आलाप मनात दोनदा म्हणून झाले. परीक्षेच्या खोलीत कॅलिपर सोडून सतरंजीवर बसायला मला वेळ लागला. परीक्षक तंबोरा जुळवत थांबले. मग एवढंच म्हणाले, “हं, भीमपलास.” पायाचं कुणी विचारलं नाही. तसं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मुरुडच्या आणि आसपासच्या आईबापांनो, लेकराचा पाय अधू असो की डोळा, त्याला घेऊन या. क्लास संध्याकाळी सहाला असतो. दाराला पायरी ठेवलेली नाही.