‘तोंगिल’ शब्दाची कुळकथा

राष्ट्राच्या मनातील इच्छा जाणावयाची असेल तर त्याच्या घटनेच्या आधी त्याच्या मुलांची गाणी ऐकावीत. कोरियन भाषेत ‘तोंगिल’ म्हणजे एकीकरण. चिनी लिपीत हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याच्या अंगावर रेशमी धाग्याची खूण आहे आणि दुसऱ्याचा अर्थ नुसता ‘एक’. तेव्हा आपला ‘एकसूत्र’ हा त्याचा भाऊबंदच म्हणावा.

जपानी अंमल संपून जेमतेम दोन वर्षे झाली असता, १९४७ साली, आन सक-जू यांनी नभोवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमासाठी एक गीत लिहिले आणि त्यांचे तरुण चिरंजीव आन ब्यंग-वन यांनी त्याला चाल लावली. त्यातील इच्छा होती ‘दोंगनिप’ची, म्हणजे स्वातंत्र्याची. पुढल्याच वर्षी उत्तरेत आणि दक्षिणेत अशी दोन सरकारे स्थापन होऊन देश दुभंगला, आणि गीत क्रमिक पुस्तकात गेले तेव्हा ‘दोंगनिप’च्या जागी ‘तोंगिल’ आला. दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे. चालीला धक्का लागला नाही.

पुढे या दोन भागांत पेटलेल्या युद्धात १९५३ साली तहकुबी झाली, तह मात्र आजतागायत झालेला नाही. १९६९ मध्ये दक्षिणेने एकीकरणाचे स्वतंत्र खाते उघडले, १९७२ मध्ये उभय सरकारांनी संयुक्त निवेदन काढले, आणि दक्षिणेच्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमात शांततामय एकीकरणाचे धोरण नमूद झाले. मुलांच्या ओठांवरचा शब्द असा सरकारी दप्तरात रुजू झाला. तरी त्याचा ओलावा आटला नव्हता. लिम सु-क्यंग ही विद्यार्थिनी १९८९ साली बंदी झुगारून उत्तरेत गेली, तेव्हा तेच गीत तिने तेथे गायिले. परतताच तिला अटक झाली. २००० साली उत्तरेची राजधानी प्योंगयांग येथील शिखरभेटीत दक्षिणेचे अध्यक्ष किम दे-जुंग आणि उत्तरेचे नेते किम जोंग-इल यांनी हातात हात घालून ते म्हटले.

ज्यांचे भाऊ, ज्यांच्या बहिणी सरहद्दीपलीकडे राहिल्या ती पिढी मात्र आता सरत आली आहे. दक्षिणेतील तरुण जर्मनीचा दाखला पुढे ठेवून एकीकरणाचा खर्च मोजतो, आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी महिलांचा संयुक्त हॉकीसंघ बनला तेव्हा आपल्या खेळाडूंची संधी हिरावली म्हणून रोषही त्यानेच व्यक्त केला. उत्तरेने तर हा शब्दच खोडावयास घेतला. दक्षिण हे आता शत्रुराष्ट्र, असे तेथील नेते किम जोंग-उन यांनी २०२३ च्या अखेरीस जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात प्योंगयांगची एकीकरणाची कमान पाडण्यात आली. तेथील भुयारी रेल्वेचे ‘तोंगिल’ नावाचे एक स्थानक होते; त्याच्या पाटीवरूनही तो शब्द काढण्यात आला.